पटावरचे अक्षर

थंडी नुकतीच सरली होती आणि वाऱ्याने जोर धरला होता. मिठागरावर ह्याच दिवसांची वर्षभर वाट पाहिली जाते, कारण ऊन आणि वारा एकाच वेळी मिळाले म्हणजे वाफ्यातले पाणी झपाट्याने आटते आणि तळाशी मीठ धरते. नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या वहिनींच्या डाव्या पायाची टाच उभी चिरली. चीर इतकी खोल होती की तीत करंगळीचे नख शिरावे. खाऱ्या पाण्यात पाय पडला की त्यांच्या तोंडून आवाज निघत नसे, फक्त मान एका अंगाला कलत असे. चौथ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजला, तेव्हा आईने त्यांना दारातूनच परत फिरवले.

"कुठं निघालीस? हा पाय आहे की खांब?"

"हे एकटेच आहेत तिकडं," वहिनी म्हणाल्या.

"असू दे एकटा. पाळण्यात आहे का तो?"

'हे' म्हणजे माझे थोरले बंधू, दादा. वाफ्यावरचे काम दोघांचे असते. एकाने लांब दांड्याच्या फळीने तळाचे मीठ ओढून बांधाशी आणायचे, दुसऱ्याने ते टोपलीत भरून डोक्यावरून ओट्यावर न्यायचे. दादांनी ते तीन दिवस ओढलेही आणि वाहिलेही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या मानेवरून खारे पाणी ओघळून पाठीवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. तशाच अंगाने ते मुकादमाच्या खिडकीपाशी गेले. मी त्या वेळी पंपघरातून डिझेलचा हिशेब देण्यास तेथे आलो होतो, म्हणून सर्व ऐकले.

"तीन दिवस कोरे कसे?" दादांनी हजेरीपटाकडे पाहून विचारले.

"जोडी कुठं होती?"

"मी होतो की! ओट्यावर ढीग लागलाय, जाऊन बघ."

"ढीग बोलत नाही बाबा, पट बोलतो," मुकादम म्हणाला. "पटावर सही नाही, म्हणजे तू नव्हतास."

"मग आता करतो."

"येते का तुला?"

खिडकीजवळ पाणी प्यायला थांबलेले दोघेतिघे हसले. दादाही हसले. त्यांना सही येत नव्हती.

येथे आमच्या मिठागराची रीत सांगणे अगत्याचे आहे. आमच्याकडे नवरा आणि बायको मिळून एक कामगार धरला जाई. पटावर नाव फक्त नवऱ्याचे. भरतीच्या वेळेला समुद्राचे पाणी आत घ्यायचे असते, म्हणून पुरुष उजाडण्यापूर्वीच पलीकडच्या अंगाला दारे उघडण्यास जात. बायका चूल आवरून मागाहून येत आणि त्यांची वाट कार्यालयावरून जाई. तेव्हा मुकादम खिडकीतून पट बाहेर सरकवी आणि ओरडे, "चला, जोड्या चला!" मग एकेक बाई नवऱ्याच्या नावापुढे नवऱ्याचे नाव लिही आणि टोपली उचले. पहिल्या वर्षी मुकादमानेच त्यांच्याकडून ती अक्षरे पाटीवर गिरवून घेतली होती. ह्या गोष्टीला बारा वर्षे झाली. माझ्या वहिनी कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नसे. दादांचे येई, आणि तेही मोत्यासारखे.

मी सातवीपर्यंत शिकलेला. पंपावर असल्यामुळे आणि लग्न न झाल्यामुळे माझी सही मी स्वतः करीत असे. वाचनाचा मला लहानपणापासून नाद. त्यामुळे शहरातून मोटारसायकलवर येणारे युनियनचे गृहस्थ, ज्यांना सगळे चष्मेवाले म्हणत, पहिल्या खेपेला माझ्याकडेच आले. पंपाच्या आवाजात बोललेले बाहेर ऐकू जात नाही, हेही एक कारण होते.

त्यांनी मला कायद्याचे पुस्तक दिले. मी ते पंपघरात दोन वेळा अथपासून इतिपर्यंत वाचले. त्यातले मर्म असे होते की, एकूण कामगारांपैकी तीन दशांश कामगार सभासद असल्याशिवाय संघटनेला मान्यता मिळत नाही. मान्यता नसेल तर मालक बोलणी करण्यास बांधलेला नाही. सभासद होणाऱ्याने अर्जावर स्वहस्ते सही केली पाहिजे. आणि मागचे सहा महिने हजेरीपटावर ज्याची हजेरी आहे, तोच कामगार मोजला जाईल.

पटावर एकशे साठ नावे होती. म्हणजे अठ्ठेचाळीस सह्या हव्या होत्या.

"पट नीट आहे ना तुमच्याकडे?" चष्मेवाल्यांनी विचारले.

"एकदम चोख," मी म्हणालो. "एक दिवस सही चुकत नाही."

मी हे खोटे बोललो नाही. आमच्या लेखी वहिनींनी केलेली सही दादांचीच होती. पट कोणाच्या हाताने भरला जातो हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होते, म्हणूनच ते कोणाच्या मनात आले नाही. दादांचे तीन दिवस ज्या कारणाने कोरे राहिले ते मी कानांनी ऐकले होते, तरीही आले नाही.

त्या संध्याकाळी घरी मी सर्व समजावून सांगितले. मान्यता मिळाली तर पहिली मागणी कोणती हे मी आणि चष्मेवाल्यांनी आधीच ठरविले होते : जोडी मोडून दोन नावे करावीत. बाईचे नाव पटावर स्वतंत्र यावे. म्हणजे एक आजारी पडला तर दुसऱ्याचा दिवस बुडणार नाही, आणि पायाला जखम झाली तर कंपनीला औषध द्यावे लागेल.

वहिनी पाय उचलून पाटावर ठेवून बसल्या होत्या. आई त्या चिरीत मेण वितळवून भरीत होती.

"माझं नाव लिहितील?" वहिनींनी विचारले.

"लिहावे लागेल. कायदा आहे."

"लग्नातल्या पत्रिकेनंतर कुठं लिहिलंच नाही कुणी ते." मग त्यांनी हात पुढे केला. "आणा इकडं तो कागद. ह्यांची सही करून टाकते. रोज करतेच की."

मी कागद मागे घेतला. "नाही वहिनी. ह्यात 'स्वहस्ते' असे स्पष्ट लिहिले आहे. दादांनीच केली पाहिजे. आपण एकही गोष्ट खोटी करायची नाही, म्हणजे त्यांना बोट ठेवायला जागा राहणार नाही."

"बरं भाऊजी, तुम्ही शिकलेले," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे मी दुपारच्या सुट्टीत पंपघरामागे शाळा भरविली. मोठमोठे बाप्ये गुडघे दुमडून बसत आणि माझ्या जुन्या वहीच्या पानांवर आपापली नावे गिरवीत. पाहण्यासारखे होते ते. मिठाने त्यांच्या हातांची कातडी कडक होऊन बोटांच्या पेरांवर आडव्या भेगा पडल्या होत्या. पेन अशा बोटांत ठरत नाही, निसटते. दादांनी पेनाला सुतळी गुंडाळून ते जाड केले, तेव्हा कोठे पकड बसली. पहिल्या दिवशी त्यांनी कागद तीन ठिकाणी फाडला.

"फळी ओढायची नाही दादा, अलगद," मी म्हटले.

"अलगद म्हणजे कसं ते बारा वर्षांत विसरलो," दादा म्हणाले.

आमच्यात एक उंच गडी होता, त्याला सगळे शिडी म्हणत. त्याचे खरे नाव पाच अक्षरी होते आणि त्यात दोन जोडाक्षरे. तो चौथ्या अक्षराशी येऊन घाम पुसायचा.

"बापाला काय घाई होती एवढं लांब नाव ठेवायची," तो म्हणे. "गणू नाहीतर बाळू ठेवलं असतं तर आतापर्यंत युनियन झाली असती."

त्याची बायको जिभेची तिखट. तिला फटाकडी म्हणत. ती टोपली खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राही.

"बारा वर्षं म्हणत होता, सहीला काय अक्कल लागते? आता लागली ना? ती शेपटी उलटी काढलीस, वर ने. माझी बघ कशी येते, सर्रकन."

"तू गप जा गं."

"जाते की. उद्या पट मात्र तूच भर."

बायका खदखदून हसल्या. पुरुष मान खाली घालून गिरवीत राहिले. मला त्या वेळी फार समाधान वाटत होते. मी एका मोठ्या कार्याला हातभार लावीत आहे असे मला वाटे आणि पंप चालू करताना मी मनात भाषणे रचीत असे.

सत्तावन्न अर्ज भरले. त्यात पंपावरचे व ओट्यावरचे आम्ही आठ, बाकी एकोणपन्नास जोडीवाले. प्रत्येकाने माझ्यासमोर स्वतःच्या हाताने सही केली. चष्मेवाल्यांनी गठ्ठा शहरात नेऊन दाखल केला आणि पंधरा दिवसांनी मिठागराच्या कार्यालयाच्या भिंतीवर अर्जदारांच्या नावांसह चौकशीची नोटीस लागली.

ज्या दिवशी नोटीस लागली त्या दिवसापासून पाणी बदलले. मोठ्या तळ्यातून वाफ्यांना सोडायचे घट्ट, जास्त खारे पाणी पाटकऱ्याच्या हातात असते. सभासदांच्या वाफ्यांना पातळ पाणी येऊ लागले. पातळ पाण्याला आटायला दुप्पट दिवस लागतात. दादा सकाळी वाफ्यात बोट बुडवून जिभेला लावीत आणि थुंकत. त्यांना चवीवरून कळे. शेजारच्या बांधापलीकडे ज्याने अर्ज भरला नव्हता त्याच्या वाफ्यात जाड पांढरी साय धरलेली असे आणि आमच्या वाफ्यात आभाळ दिसे. पिण्याच्या पाण्याची टाकी आमच्या अंगाकडून उचलून लांबच्या टोकाला नेऊन ठेवली. वहिनी त्या टाचेने तेथपर्यंत जाऊन कळशी आणीत. उजव्या पायावर भार देऊन देऊन त्यांची चाल वाकडी झाली.

"किती दिवस हे?" दादा मला विचारीत.

"चौकशी होईल. अधिकारी अर्ज तपासतील. आपले सत्तावन्न आहेत दादा, नऊ जास्तच."

"मोजणारा कोण?"

"सरकारचा माणूस."

दादा फळी उचलून पुन्हा वाफ्यात उतरत.

चौकशीची तारीख आली. शहरातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ते कार्यालय होते. एकोणपन्नासांपैकी तीस जोड्या आल्या. जिना चढताना वहिनींनी कठड्याला धरून एकेक पायरी घेतली. बायकांना आत घेतले नाही, त्या व्हरांड्यातल्या बाकांवर व जमिनीवर बसल्या. दार उघडे होते, त्यामुळे त्यांना ऐकू येत होते.

अधिकारी वयस्क, सर्दी झालेले, आणि स्वभावाने बरे दिसले. त्यांनी आमच्यासाठी पंखा लावावयास सांगितला. कंपनीच्या वकिलाने उठून दोनच गोष्टी केल्या. त्याने सहा महिन्यांचा हजेरीपट टेबलावर ठेवला आणि शेजारी आमचे अर्ज ठेवले.

"साहेब, ह्या एकोणपन्नास अर्जांवरच्या सह्या बनावट आहेत. पटावरच्या एकाही सहीशी जुळत नाहीत. आपणच पाहावं."

अधिकाऱ्यांनी भिंग घेतले, पण भिंगाची गरज नव्हती. पटावर दादांचे नाव सरळ रेषेत, गोल, देखणे होते. अर्जावर ते जोरजोरात खरडलेले, एक अक्षर ओळीच्या वर आणि दुसरे खाली. शिडीच्या नावातले एक जोडाक्षर तर फुटूनच गेले होते.

चष्मेवाल्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

"साहेब," मी उभा राहून म्हणालो, "अर्जावरच्या सह्या खऱ्या आहेत. माझ्यासमोर केल्या आहेत."

"मग पटावरच्या?"

मी उत्तर देण्याआधीच वकिलाने मुकादमाला पुढे बोलाविले. मुकादमाने शपथ घेतली.

"पटावर सही कोण करतं?"

"ज्याची त्यानं."

"दुसरं कुणी करतं कधी?"

"नाही साहेब. माझ्या समोर पट असतो. मी दुसऱ्याला हात लावू देत नाही."

व्हरांड्यात गलका झाला. फटाकडीचा आवाज सर्वांत वर होता. "अरे पाटीवर तूच गिरवून घेतलंस की मेल्या! माझं बोट धरून!" शिपायाने दार लोटून घेतले.

अधिकाऱ्यांनी आठ अर्ज एका बाजूला काढले. "हे जुळतात," ते म्हणाले. त्यातला पहिला माझा होता.

दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी झाली. जिन्याखाली आम्ही सगळे उभे राहिलो. चष्मेवाल्यांचे म्हणणे पडले की, एखाद्या बाईने आत जाऊन सांगावे, पटावरचे अक्षर माझे आहे. म्हणजे अर्जावरच्या सह्या खऱ्या ठरतील. एकीचे मान्य झाले की सगळ्यांचे मान्य होईल.

"आणि पट खोटा ठरेल," दादा म्हणाले. "मग मला ठेवतील कामावर?"

"ते पुढचं पुढे. एवढ्या जणांना काढता येत नाही."

"पहिल्या माणसाला येतं."

शिडी जिन्याचा गंज नखाने खरवडत होता. फटाकडी मघाशी एवढी ओरडली होती, ती आता पदराचा पीळ काढत उभी होती. मग मी वहिनींकडे वळलो. हे मी केले, आणि ते मी लपवू इच्छीत नाही.

"वहिनी, तुमचे अक्षर सर्वांत स्वच्छ आहे. तुम्ही सांगितलेत तर ते नाकारू शकणार नाहीत."

"तिला नको सांगू," दादा म्हणाले.

"दादा, एवढ्यावर आले आहे सारे."

"मी म्हणतो तिला नको सांगू."

वहिनी भिंतीला टेकून एका पायावर उभ्या होत्या. त्यांनी दादांकडे पाहिले. "अहो, खरंच आहे ना पण ते? मी चोरून थोडंच केलंय? खरं सांगायला कसली भीती?"

दादांनी मान फिरवली.

आत वहिनींना बसायला खुर्ची दिली. त्या टोकावर बसल्या. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले आणि त्यांनी सर्व सांगितले : भरती, दारे, चूल, खिडकी, पाटी. अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"नवऱ्याचं नाव लिहून दाखवा."

वहिनींनी लिहिले. एकदाही न थांबता. अधिकाऱ्यांनी तो कागद पटाशेजारी ठेवला आणि बराच वेळ पाहिला. छापल्यासारखे जुळले. माझ्या छातीतले ओझे उतरले.

"आता खाली तुमचं स्वतःचं नाव लिहा. जबाब तुमचा आहे."

वहिनींनी पेन तसेच धरून ठेवले. "ते येत नाही," त्या म्हणाल्या.

वकील हसला नाही, पण त्याने रुमाल तोंडाला लावला. शिपायाने शाईचे पॅड आणले आणि वहिनींचा अंगठा घेतला. खाऱ्या पाण्याने त्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्या होत्या. पहिला ठसा नुसता निळा डाग उठला. दुसरा तसाच. तिसऱ्या वेळी अधिकारी म्हणाले, "राहू द्या, चालेल."

नंतर त्यांनी चष्मेवाल्यांना उद्देशून जे सांगितले ते माझ्या पूर्ण लक्षात आहे, कारण पुस्तकात मी तेच कलम दोनदा वाचले होते.

"माझ्यापुढे प्रश्न एवढाच होता की अर्जावरची आणि पटावरची सही एकाच माणसाची आहे का. नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत. आता ही बाई म्हणते की पटावर मी सही केली. मग ह्या माणसाची सहा महिन्यांची हजेरी राहिली कुठे? पटाप्रमाणे तो एक दिवसही हजर नव्हता. तो कामगार म्हणून मोजता येत नाही."

"मग ही बाई हजर होती ना साहेब?" मी म्हणालो. "रोज होती. तिला मोजा."

"तिचं नाव पटावर आहे का?"

"नाही."

"मग कसं मोजू?" त्यांनी नाक पुसले. "मला कळत नाही असं नाही हो. पण मला कागदाबाहेर जाता येत नाही."

बाहेर आणखी एकोणतीस बायका होत्या. दार उघडून शिपायाने विचारले, "आणखी कुणाला जबाब द्यायचाय?" कोणी उठले नाही. मी त्यांना दोष देत नाही. फटाकडी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

परतीच्या टेम्पोत वहिनींनी विचारले, "भाऊजी, माझं काही चुकलं का बोलण्यात?"

"नाही," मी म्हणालो. "तुमचे काही चुकले नाही."

आठ सह्या जुळल्या. अठ्ठेचाळीस हव्या होत्या. अर्ज नामंजूर झाल्याचे पत्र दहा दिवसांनी आले. त्याच्या आदल्या दिवशी दादांच्या नावे कंपनीचे पत्र आले होते. हजेरीपटावर दुसऱ्याकडून सही करवून घेतल्याचे पत्नीने शपथेवर कबूल केले आहे, सबब कामावरून कमी करण्यात येत आहे. ते पत्र मीच घरात वाचून दाखविले. 'सबब' म्हणजे काय असे आईने विचारले.

"म्हणून," मी म्हणालो.

"मग 'म्हणून' म्हणायला काय झालं होतं मेल्यांना?"

चष्मेवाल्यांनी दादांसाठी वेगळा दावा लावता येईल असे सांगितले. त्याला किती दिवस लागतील असे विचारता ते म्हणाले, वर्षे म्हणा. मोटारसायकल सुरू करण्याआधी त्यांनी पुस्तक परत मागितले. दुसऱ्या गावी लागणार होते.

पुढच्या सोमवारी सकाळी खिडकीत पटाशेजारी आणखी एक गठ्ठा ठेवलेला होता. छापील कागद : 'मी सदर संघटनेचा सभासद कधीही नव्हतो व अर्जावरील सही माझी नाही.' पुरुष नेहमीप्रमाणे पलीकडे दारांवर होते. मुकादम म्हणाला, "चला, जोड्या चला. आज दोन ठिकाणी." एकेका बाईने पटावर नवऱ्याचे नाव लिहिले आणि मग कागदावर नवऱ्याचे नाव लिहिले. मी तेथून दहा पावलांवर होतो. शिडीची बायको लिहून वळली तेव्हा आमची नजरानजर झाली.

"काय करू भाऊ?" ती म्हणाली. एवढे हळू बोलताना मी तिला प्रथमच ऐकले.

हे सर्व कागद पटाशी तंतोतंत जुळले. कोणी हरकत घेतली नाही.

मला त्यांनी कमी केले नाही. माझी सही खरी होती, माझ्यावर कसलाही ठपका येत नव्हता. पंपावरून मात्र मला काढले आणि वाफा दिला. दिलेला वाफा दादांचाच होता.

"पण एकट्याला वाफा नसतो, माहीत आहे ना?" मुकादम म्हणाला. "जोडी आण."

"माझे लग्न झालेले नाही."

"मग कर. नाहीतर आण कुणाला तरी. नाहीतर घरी बस, भावाशेजारी."

दादा खरोखरच घरी बसले होते. त्यांनी दोन गवंड्यांकडे आणि एका लाकडाच्या वखारीत विचारून पाहिले होते. सर्वांनी 'मिठागरावरचा ना तू?' एवढेच विचारले. जेवताना मी मुकादमाचे बोलणे सांगितले. आईने भांडे घासता घासता हात थांबवला.

"मी जाते भाऊजींबरोबर," वहिनी म्हणाल्या. "मला काम ठाऊक आहे."

"लोक काय म्हणतील?" आई म्हणाली. "दिरासोबत जोडी लावली म्हणून?"

"काय म्हणायचंय ते म्हणतील. चूल तर पेटेल?"

आम्ही सगळे दादांकडे पाहू लागलो. ते ताटात बोटाने रेघा ओढीत होते. ती त्यांच्या नावाची अक्षरे आहेत की नुसत्या रेघा, हे मला कळले नाही.

"फळीचा दांडा ढिला झालाय," शेवटी ते म्हणाले. "पाचर मारून देतो. नाहीतर हातात फिरेल तुझ्या." आणि ते उठले.

दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी आम्ही निघालो. वाटेत वहिनी माझ्या मागे चार पावले अंतर ठेवून चालत होत्या. बांधावर दोघे गडी कार्यालयाचे दार उघडण्याची वाट पाहत बसले होते, त्यांतला एक खाकरला आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारले. एवढ्यावरच भागले. ते छापील कागद भरून झाल्यावर कंपनीने नवा नियम केला होता की ज्याचे नाव पटावर आहे त्यानेच सही करावी, म्हणून आता पुरुषांना आधी कार्यालयावर यावे लागे आणि तेथून दारांकडे धावत जावे लागे. त्यामुळे सर्वांना अर्धा तास लवकर निघावे लागत होते. हे कोणामुळे झाले ते सर्वांना माहीत होते.

मुकादमाने पट बाहेर सरकवला. वहिनींचा हात सवयीने पुढे गेला आणि त्यांनी पेन उचलले.

"तू नको," मुकादम म्हणाला. "ज्याची त्यानं. कायदा आहे तो आता, तुमच्याच लोकांनी आणलेला."

वहिनींनी पेन माझ्या हातात दिले. दादांच्या नावावर आडवी रेघ मारून खाली माझे नाव लिहिले होते. त्यापुढची चौकट कोरी होती. मी सही केली.

"अक्षर छान आहे तुझं," मुकादम म्हणाला आणि पट आत ओढून घेतला.

मी वळलो तेव्हा वहिनींनी टोपली उचलली होती. वाफ्याच्या कडेला जाऊन त्यांनी आधी उजवा पाय पाण्यात घातला, मग डावा. त्यांची मान एका अंगाला कलली. मी फळी घेतली आणि ओढू लागलो.